आतून लागणारी कडी

वहिनींचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत नुकतंच झालं होतं, चौथीतला एक जण पुढे येऊन आजचा सुविचार विसरला होता आणि मी त्याला डोळ्यांनीच 'असू दे, जा' म्हणत होते. शाळेच्या वेळात मी फोन घेत नाही. पण स्क्रीनवर 'ठोंबरे भाऊसाहेब' असं नाव दिसलं, आणि भाऊसाहेबांचा फोन टाळला की ते तासाभरात कर्जतहून स्कूटर हाकत शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात हा अनुभव, म्हणून घेतला. पलीकडून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "बाई, हे गेले हो..." मी विचारलं, "कुठे?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. वहिनींना रडू आवरेना, आणि माझ्यासमोर रांगेत उभी असलेली मुलं बसायची परवानगी मागत होती.

कर्जतला पोचले तेव्हा उल्हास नदीच्या काठी बरीच माणसं जमली होती. ग्रामसेवकाला निरोप द्यायला माणसं येतात, कारण प्रत्येकानं कधी ना कधी दाखल्यासाठी त्याचं दार ठोठावलेलं असतं. जन्माची नोंद, लग्नाची नोंद, घराचा उतारा... आयुष्यभर दुसऱ्यांचे मृत्यू नोंदवले त्यांनी, आता त्यांचा नगरपरिषदेतलं कुणीतरी नोंदवेल आणि त्याचं अक्षर भाऊसाहेबांइतकं सुरेख नसेल, असलं काहीतरी माझ्या मनात येत होतं. त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून लिहायला बसते आणि उठते. भाऊसाहेबांविषयी खरं लिहायचं तर एका मुलीविषयी लिहावं लागतं, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची शाळा कशी जवळजवळ बंद पाडली होती, तेही.

नारायण ठोंबरे हे त्यांचं पूर्ण नाव, पण गावात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, तेच कायम राहिलं. मी या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून आले तेव्हा ते आमच्या ग्रामपंचायतीत मुरलेले होते. गावाचं नाव लिहीत नाही. लोधिवलीवरून आत वळलं की जी चार-पाच गावं लागतात त्यांतलं एक समजा. मधे त्यांच्या दोनदा बदल्या झाल्या आणि दोन्ही वेळा ते फिरून आमच्याकडेच आले. खिशाला दोन पेनं, बगलेत सभांचं इतिवृत्त लिहायचं ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा वालाचं बिरडं. कर्जतच्या बाजूला घरची भातशेती होती, रविवारी चिखलात उतरायचे आणि सोमवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. मधुमेह होता, तरी शाळेत कुणाचा वाढदिवस असला की पेढ्याचा वास त्यांना ग्रामपंचायतीत बसून लागायचा.

त्यांची खरी ख्याती होती ती त्यांच्या सरकारी मराठीची. एकदा ग्रामसभेत दोन भाऊ शेताच्या बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. धाकट्याच्या हातात काठी होती. लोकांनी दोघांना धरलं, खुर्च्या पडल्या, बायका घरी पळाल्या. त्या गोंधळात भाऊसाहेब खाली मान घालून लिहीत होते. नंतर मी प्रोसिडिंग पाहिलं. 'सदर विषयावर सांगोपांग चर्चा होऊन सामोपचाराने निर्णय घेण्याचे सर्वानुमते ठरले.' काठीचा पत्ता नाही! मी हसून लोटपोट झाले, आणि सांगायला हरकत नाही, मला कौतुकही वाटलं. माझी पंचायत समितीला जाणारी पत्रं मी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायला लागले. ते लिहायचे त्यात कुणावर आळ येत नसे, कुणाचं मन दुखत नसे आणि कागद एका फटक्यात मंजूर होत असे. यात काही बिघडतंय असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

मग एका पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना अलिबागला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता बालहक्क. परत आले ते एक फोल्डर, एक गुंडाळलेलं पोस्टर आणि बरंचसं कुतूहल घेऊन. माझ्या ऑफिसात बिनसाखरेचा चहा पीत म्हणाले, "बाई, आपल्या देशानं करार केलाय. पोरांच्या हक्कांचा. जवळजवळ सगळ्या जगानं केलाय."

"मग?"

"मग काय, सही दिल्लीनं केली आनि राबवायचं मी."

पोस्टरवर चार हक्क होते. जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा आणि सहभागाचा. पहिले तीन त्यांना कळले होते. लसीकरण आहे, शाळा आहे, बालविवाह रोखायचा आहे. चौथ्यापाशी मात्र ते अडले होते. सहभाग म्हणजे ज्या गोष्टी मुलांशी संबंधित आहेत त्यांत मुलांना विचारायचं आणि ती जे सांगतील ते मनावर घ्यायचं. "पोरांना विचारायचं म्हनतात," ते म्हणाले, "पन विचारून झाल्यावर करायचं काय, ते कोनी सांगितलं नाय." आणि मग मिस्कीलपणे पुढे म्हणाले की देशाला दर काही वर्षांनी परदेशातल्या एका समितीपुढे जाऊन सांगावं लागतं, आम्ही काय काय केलं ते. तिथे आपल्या गावचं नाव निघालं तर माझी पेन्शन वाढेल का हो बाई?

तो करार आमच्यापर्यंत कसा पोचला याची मला नंतर गंमत वाटत आली. परदेशात ठरलं, दिल्लीत कायदे झाले, मुंबईहून शासन निर्णय निघाला, अलिबागला प्रशिक्षण झालं, खालापूरहून पत्र आलं आणि आमच्या हातात पडला एक तक्ता. त्यात एक रकाना होता: 'ग्रामसभेपूर्वी बालसभा घेतली काय? होय / नाही.' 'नाही'वर खूण केलेला तक्ता मी आजवर पाहिलेला नाही.

आमचीही बालसभा झाली. ऑगस्टमधल्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी. पत्र हातात आल्यावर मी जे केलं ते आमच्या पेशातली कुणीही बाई करेल. चार हुशार मुलं निवडली आणि त्यांच्याकडून मागण्या पाठ करून घेतल्या. एकाला वाचनालय दिलं, एकाला खेळाचं साहित्य, एकीला झाडं आणि एकाला संगणक. सरपंचांसमोर मुलं अडखळू नयेत, शाळेचं नाव राहावं, एवढाच हेतू. शाळेच्या पडवीत आम्हा मोठ्यांना खुर्च्या मांडल्या, मुलांना खाली सतरंजी. चौघं सुरेख बोलली. सरपंच माना डोलवत होते. मी मनातल्या मनात संगणकवाल्याच्या पाठीवर थाप देत होते, तेवढ्यात भाऊसाहेबांनी प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणून विचारलं, "अजून कोनाला काय बोलायचंय?"

मागच्या रांगेतून मनीषा उठली. तेव्हा सहावीत होती. (तिचं नाव लिहू का, असं तिला विचारूनच लिहितेय. 'लिवा, आडनाव नको,' म्हणाली.) मनीषा वर्गात फारशी बोलणारी नव्हती. बाप साजगावला कारखान्यात पाळीनं कामाला, आई एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला, आणि धाकट्या भावाला शाळेत आणणं-नेणं हिच्याकडे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "संडासाला आतनं कडी नाय."

मुलगे फिदीफिदी हसले. सरपंच छताकडे बघायला लागले. मला वाटलं खाली बसेल. ती बसली नाही. "आमी पोरी पानीच पीत नाय," ती म्हणाली, "घरी जाऊन पितो." आणि मग बसली.

सरपंचांनी घसा साफ केला. "लिवून घ्या भाऊसाहेब." भाऊसाहेबांनी लिहून घेतलं आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं: 'शाळेतील विद्यार्थिनींच्या स्वच्छतागृहाचे बळकटीकरण व सुशोभीकरण करणे.' मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनीही वाजवल्या. यात लबाडी अजिबात नव्हती. भाऊसाहेबांनी तिच्या बोलण्याला उलट बळ दिलं होतं. सरकारी आराखड्यात कडी कशात बसत नाही, सुशोभीकरण बसतं. कडी म्हणून लिहिलं असतं तर वर कुणी वाचलंही नसतं. त्यांनी सही केली, मुख्याध्यापिका म्हणून मीही खाली सही केली आणि आम्ही चहा प्यायला आत गेलो.

आता माझ्या वाट्याचं सांगते. आम्हा शिक्षकांचं स्वच्छतागृह वेगळं होतं. त्याला कुलूप होतं, किल्ली माझ्या कपाटात, आणि आतून भक्कम कडी. त्या दिवशी मी पाण्याचे दोन ग्लास प्यायले असेन. मुली जोडीनं जातात, एक आत आणि एक बाहेर दार धरून, हे मी रोज बघत होते आणि मैत्रिणी आहेत म्हणून जात असतील असं समजत होते. जवळच्या चौक गावात हार्डवेअरच्या दुकानात कडी मिळते हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण एकदा काम आराखड्यात गेलं की त्याला हात लावायचा नाही हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. मधे एकदा शाळेच्या अनुदानातून दुरुस्त्या काढल्या तेव्हा स्वच्छतागृह मीच यादीतून खोडलं. 'ते मंजुरीत आहे, एकच काम दोनदा दाखवता यायचं नाही.' मीच म्हणाले हे.

पुढच्या उन्हाळ्यात काम झालं, आणि झकास झालं. छातीपर्यंत फरश्या, वर गुलाबी रंग, नवा पत्र्याचा दरवाजा. बाहेरच्या भिंतीवर चित्रकाराला बोलावून पृथ्वीचा गोल काढला, त्याभोवती हात धरलेली मुलं आणि कमानीसारखी अक्षरं, जगण्याचा हक्क, विकासाचा हक्क, संरक्षणाचा हक्क, सहभागाचा हक्क. जूनमध्ये नारळ फोडला, फीत कापली. फोटो बाहेरून काढला कारण चित्र बाहेर होतं, आणि तो लगेच ॲपवर चढवला. काम पूर्ण. सुट्टीत बकऱ्या शिरू नयेत म्हणून ठेकेदारानं दरवाज्याला बाहेरून मजबूत कडी बसवली होती. आत जाऊन कुणी पाहिलंच नाही. पुरुषांनी जायचा प्रश्न नव्हता, आणि मी फितीचं एक टोक धरून उभी होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर मनीषा शाळेत यायची बंद झाली. सातवीत होती. काय घडलं ते मला नंतर कळलं. दार धरणारी मैत्रीण घंटा झाली म्हणून वर्गात पळाली आणि दोन मुलांनी मस्करीत दार ढकललं. हसले आणि पळाले, एवढंच. मनीषा तशीच घरी गेली, दप्तर वर्गात टाकून. मी हजेरीत लाल रेघा ओढत राहिले. निरोप पाठवला तर पोटात दुखतंय असं उत्तर आलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला... मग कानावर आलं की ठाकुरवाडीला तिची मावशी बाळंत झालीय आणि मनीषाला तिकडे मूल सांभाळायला पाठवताहेत. याचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना कळतो. अशी गेलेली मुलगी परीक्षेला येत नाही, आणि जूनमध्ये कुणी दाखला न्यायलासुद्धा फिरकत नाही.

त्याच दिवसांत भाऊसाहेब नवा तक्ता घेऊन शाळेत आले. 'गावातील शाळाबाह्य बालके.' मी म्हटलं, निरंक लिहा, कारण पटावर सगळी होती. ते लिहिणारच होते, पण हजेरीपुस्तक टेबलावर उघडं पडलं होतं. "ही कोन? लालच लाल दिसतंय." मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण घातलं. "म्हनजे ती कडीवाली?" मला तो बालसभेचा प्रसंग आठवायला क्षणभर लागला. त्यांना लागला नाही.

आम्ही तसेच चालत निघालो. भात कापून झालेल्या खाचरांत वाल फुलला होता. मनीषाची आई ओट्यावर शेंगा निवडत होती. आम्हाला बघून पदर सावरत उठली. "भाऊसाहेब, पोर जायालाच तयार नाय तर मी काय करू? आता मावशीकडं जाईल, लेकराला सांभाळंल." मनीषा दाराच्या आत उभी होती. भाऊसाहेबांनी विचारलं, "शाळंत का येत नायस गं?"

"मी सांगितलं व्हतं तुमाला. तुमी लिवून घेतलं."

"अगं मग झालं की काम! फरश्या लावल्या, रंग दिला..."

"कडी कुठं हाय?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातल्या शेंगांकडे. काहीतरी समजुतीचं बोलून आम्ही तिथून निघालो आणि थेट शाळेत आलो.

शाळा सुटून गेली होती. त्यांनी मला विचारलं, आत जाऊ का, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात शिरून दार ओढून घेतलं. दार हळूहळू उघडलं. त्यांनी परत ओढलं. परत उघडलं. मी पटांगणात त्या रंगीत पृथ्वीसमोर उभी होते, चार हक्कांच्या कमानीखाली, आणि मला खरंच लाज वाटत होती. बाहेर आले तेव्हा त्यांनी रुमालानं चेहरा पुसला. "बाई, बाहेरनं हाय. आतनं नाय." एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

स्कूटर काढून ते चौकला गेले. कडी आणली, स्क्रू आणले, गावातल्या वेल्डरकडून ड्रिल आणलं आणि कडक इस्त्रीच्या शर्टात घामाघूम होत कडी स्वतः बसवली. जरा तिरकी बसली. मग म्हणाले, मी जरा मनीषाकडं जाऊन येतो, तुमी थांबा. मी थांबले. अर्ध्या तासानं तिला आणि तिच्या आईला घेऊन आले. मनीषा आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. आम्ही तिघं बाहेर नुसते उभे. ती बाहेर आली, कडीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "लय वर लावलीय. पयलीच्या पोरींचा हात नाय पोचनार." खरंच होतं. भाऊसाहेबांनी स्वतःच्या छातीच्या उंचीवर लावली होती. ते लगेच स्क्रू काढायला लागले. "कुठं लावू? तू सांग." तिनं दरवाज्यावर बोट ठेवलं आणि त्यांनी बोटाशेजारी नवी भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी ती वर्गात होती. मावशीकडे तिची आजी गेली.

यानंतर भाऊसाहेबांनी बालसभेचं लिहिणं बदललं. मूल जे बोलेल ते, जसं बोलेल तसं. आपली भाषा मधे घालायची नाही. लिहून झालं की त्या मुलालाच वाचून दाखवायचं, आणि पुढच्या सभेत आधीच्या प्रत्येक मुलाला उभं करून सांगायचं, तुझं झालं, तुझं नाही झालं, या या कारणानं. पहिल्यांदा असं प्रोसिडिंग वर गेलं तेव्हा तालुक्याहून खुलासा मागवला गेला: 'खिचडीत खडं येतान' हा ठराव होतो काय? भाऊसाहेबांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'बालकाने जे सांगितले तेच लिहिले आहे.' त्यावर तोंडी निरोप आला की बाबा, वरच्या प्रतीत तरी नीट भाषा वापरा. म्हणून ते दोन प्रती करायला लागले. वर जाणारी सरकारी मराठीत, गावची वही पोरांच्या बोलीत. मी चिडले. म्हटलं, ही तर दुतोंडी वागणूक झाली भाऊसाहेब, असाच का देश चालतो? ते शांतपणे म्हणाले, "बाई, वरचा कागद वर जातो. वही हितं राहते. पोरं हितं हायत."

त्या वहीनं मलाही सोडलं नाही. एका वर्षी पाचवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई मारत नाय, पन नावं ठेवतान." भाऊसाहेबांनी ते माझ्यासमोर लिहिलं आणि माझ्याकडे अजिबात न बघता मोठ्यानं वाचलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी वर्गात कुणाला ठोंब्या म्हणायचं थांबवलंय.

त्या दूरच्या कराराविषयी माझं मन अजून एका बाजूला बसलेलं नाही. देश त्या समितीपुढे अहवाल ठेवतो त्यात आमच्या स्वच्छतागृहाची गणती असेलच, आणि ती ज्या दिवशी फीत कापली त्या दिवसाची असेल, कडी लागली त्या दिवसाची नसेल. कागदावर तर आम्ही कडी लावण्याआधीच हक्क देऊन मोकळे झालो होतो. हे आठवलं की राग येतो. पण त्या कागदावर कुठेतरी सही झाली नसती तर ते पत्र आलं नसतं, बालसभा झाली नसती आणि 'अजून कोनाला काय बोलायचंय' असं मनीषाला कुणी विचारलंही नसतं. दोन्ही खरं आहे. तिच्या आधीच्या कितीतरी मुली दिवसभर तहानलेल्या बसून शिकून गेल्या आणि त्यांना विचारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

भाऊसाहेबांना देव करायचा माझा विचार नाही. ते स्वतःच हसले असते. बालसभेत इतके काटेकोर असलेले हे गृहस्थ महिलासभेचं प्रोसिडिंग निवृत्त होईपर्यंत सभा न घेताच घरी बसून लिहीत. मी टोकलं की म्हणायचे, "बायका बोलतान लय, माझी पेनं संपतील." मी त्यावर त्यांना काय काय सुनावलं ते इथे छापता यायचं नाही. वाडीवरच्या माणसांना कागद अपुरा म्हणून माघारी पाठवतानाही मी त्यांना पाहिलंय. एका बाबतीत ते बदलले होते, आणि एका बाबतीत बदलणंसुद्धा पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला किती जड जातं, हे आता मला कळतं. निवृत्तीनंतर शेवटचे भेटले ते गेल्या थंडीत. घरच्या वालाच्या शेंगा घेऊन आले, दुपारी शाळेच्या मागे मुलांबरोबर शेंगा मडक्यात भरून विस्तवावर भाजायची पोपटी लावली, त्यात वासाचा भांबुर्ड्याचा पाला कुणी किती घालायचा यावरून पोरांशी भांडले. जाताना थकलेले वाटले. मी साखरेचं औषध घेता ना विचारलं, तर स्कूटरला किक मारून निघूनच गेले.

ते गेल्यानंतरच्या ग्रामसभेत दुखवट्याचा ठराव आला. नवे ग्रामसेवक तरुण आहेत, तेही आता भाऊसाहेबच. त्यांनी वाचलं, 'कै. नारायण ठोंबरे यांच्या निधनाने ग्रामपंचायतीची अपरिमित हानी झाली असून त्यांनी बजावलेल्या बहुमोल सेवेचे स्मरण करून ही सभा...' सगळे दोन मिनिटं उभे राहिले, बसले. मनीषा बसली नाही. ती आता खोपोलीला कॉलेजात शिकते. मतदार यादीत नाव आल्यावरची तिची ही पहिलीच ग्रामसभा.

"भाऊसाहेब, अजून थोडं लिवा," ती म्हणाली. "मी शाळा सोडली व्हती तवा ठोंबरे भाऊसाहेब एकदा बाईंच्या संगं आले. मंग त्याच दिवशी परत एकटं आले. आमच्या ओट्यावर खाली बसले, माझ्या समोर. म्हनाले, मनीषा, तू बरोबर सांगितलं व्हतंस, मी चुकीचं लिवलं. चूक माझी हाय, तुझी नाय." ती सभेकडे वळली. "सगळी म्हंतान मी कडी लागली म्हनून शाळंत परत गेले. कडी तवा मी बघितलीबी नव्हती. मोठं मानूस पोराला 'माझं चुकलं' म्हनतंय, ते मी तवा पयल्यांदा ऐकलं. म्हनून गेले. ह्ये लिवा."

नव्या भाऊसाहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. वही सह्यांसाठी फिरत फिरत माझ्याकडे आली आणि मी सही केली.

इतकी वर्षं मी हा किस्सा कडीचा किस्सा म्हणूनच सांगत आले होते. शिक्षकांच्या केंद्रबैठकांत, नातेवाइकांत, हसत हसत, भाऊसाहेबांच्या तिरक्या स्क्रूंसकट. त्या सुशोभीकरणाच्या वाक्याखाली दोन सह्या आहेत. एका सहीचा माणूस त्याच दिवशी उठून तिच्या ओट्यावर जाऊन बसला. दुसरी सही माझी. मी शाळेतच थांबले होते. ग्रामसभेतही मला उठता आलं असतं, पण उठले नाही.

परवा रविवारी गेले. मनीषा एकटीच होती, कपडे वाळत घालत होती. "बाई, खुर्ची आनते," म्हणाली. नको म्हटलं आणि ओट्यावर खाली बसले. तिलाही बसायला सांगितलं. म्हटलं, मनीषा, तू सांगितलंस तेव्हा मी तिथेच होते. मला कळलं होतं तू काय म्हणतेयस. तरी मी त्या कागदावर सही केली, आणि नंतर काम यादीतून खोडलं तेही मीच. चुकलं माझं.

तिनं हातातला ओला टॉवेल पिळला. मग म्हणाली, "लिवाल ह्ये, बाई?"

म्हटलं, लिहीन.

लिहिलं.